न विचारता दिलेली कारणं

मैत्रीण दुसऱ्या शहरात चाललीय, नवीन नोकरी, म्हणून तिच्या सामानाची बांधाबांध करायला गेले होते. पुस्तकं खोक्यात, खोक्यांवर चिकटपट्टी, कात्री कुठल्यातरी खोक्यात आधीच पॅक होऊन बसलेली त्यामुळे ती पट्टी दातांनी तोडत होती, आणि पट्टी ओढली की असा चर्रर्र आवाज यायचा की ती प्रत्येक वेळी थांबून शेजारच्या खोलीच्या दाराकडे बघायची, कारण तिथं तिचे बाबा झोपलेले. मी काहीच विचारलं नव्हतं. खरंच नाही, मी पुस्तकांवरची धूळ पुसत होते आणि माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी चालू होतं. तर ती आपणहून म्हणाली, "तिथं पगार चांगलाय गं. बाबांच्या औषधपाण्याचं महिन्याला किती होतं बघतेस ना तू." मी हो म्हटलं. एक खोकं भरलं. मग म्हणाली, "आणि त्या कंपनीचा इन्शुरन्स आईवडिलांनाही लागू होतो." मी परत हो म्हटलं. मग जरा वेळानं, "आणि अंतर तरी कितीसं, रात्री निघालं की सकाळी पोचतो माणूस." दर वेळी आवाज आधीपेक्षा थोडा खाली. मी सहज विचारलं, धाकट्याला सांगितलंस का? म्हणजे तिच्या भावाला, कारण ती गेल्यावर बाबांचं सगळं त्याच्यावरच येणार. तर ती पट्टीचं टोक नखानं शोधता शोधता म्हणाली, "सांगेन की. आधी तिकडे घर तर मिळू दे."

घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. ती खोटं बोलत होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. बिलांची ती फुगलेली फाइल मी पाहिलीय, इन्शुरन्सचंही खरंच असणार. पण तिला अजून एक गोष्ट हवीय आणि ती मला माहितीय, कारण इतकी वर्षं मी तिला बघतेय. तिला सलग रात्रभर झोप हवीय. ती दार किलकिलं ठेवून झोपते, आणि खोकल्याच्या आवाजावरून तिला झोपेतच कळतं की बाबांना आता पाणी हवंय की त्यांनी नुसतीच कूस बदललीय. तिला अशी एक खोली हवीय जिथं रात्री कुणी खोकत नाही. आणि हे हवं असताना त्याच बाबांवर तिचा जीवही आहे, दोन्ही एकाच वेळी, एकाच मनात, आणि दोन्ही शंभर टक्के. तिनं दिलेल्या सगळ्या कारणांमध्ये हे एक नव्हतं. मला सगळ्यात आधी पटलं असतं ते हेच, आणि नेमकं तेच तिनं सांगितलं नाही.

बाबांपासून लांब जायचं, आणि त्याचं कारणही बाबाच.

मला वाटतं माणूस कारणं देतो ती समोरच्यासाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त. आणि कारणांची संख्या बघावी. एखाद्या गोष्टीला एक कारण पुरेसं असेल तर माणूस दुसरं देतच नाही, तहान लागली म्हणून पाणी प्यायलो, विषय संपला. कारणं एकामागून एक यायला लागली की समजावं की त्यातलं एकही एकटं उभं राहत नाहीये, आणि ज्याच्या जोरावर ते सगळं चाललंय ते मागे कुठंतरी आहे, त्याला पुढं यायची परवानगी नाही. स्वतःसाठी काहीतरी हवं असणं ही गोष्ट आपल्याला इतकी लाजिरवाणी का वाटते हे मला अजून नीट कळलेलं नाही. दुसऱ्यासाठी हवं असलं की आवाज मोठा होतो, स्वतःसाठी असलं की खाली जातो.

आणि हवं असणं सरळ येतही नाही. मी स्वतःमध्ये हे खूप वेळा पाहिलंय, ते तक्रारीच्या रूपानं येतं. नवीन फोन हवा असं मनात येतच नाही आधी, आधी हातातल्या फोनची बॅटरी लवकर उतरायला लागते. ती आधीही तशीच उतरत होती, पण आता ती मला दिसायला लागते. कोपऱ्यातला तो बारीकसा तडा, ज्यावरून दोन वर्षं बोट फिरत होतं, तो अचानक बोटाला लागायला लागतो. फोटो काढला की वाटतं रंग फिके येतायत. मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याच फोनवर दुसऱ्या फोनचे रिव्ह्यू वाचायचे, आणि त्यातही ज्यानं वाईट लिहिलंय त्याला बहुतेक वापरताच येत नसणार असं म्हणून पुढं जायचं. हे सगळं होईपर्यंत "मला हवाय" हे वाक्य एकदाही मनात उमटलेलं नसतं. उमटतं ते "आता बदलायलाच लागेल" हे. माझी इच्छा तोवर परिस्थितीची गरज झालेली असते, आणि गरजेपुढं कुणाचं काय चालतं. नोकऱ्यांचं असंच होतं, घरांचं होतं, आणि माणसांचंही होतं. दुसरं कुणी आवडायला लागलं की घरातल्या माणसाचं जेवताना तोंडाचा आवाज करणं ऐकू यायला लागतं, जे इतकी वर्षं कानावर पडून ऐकू येत नव्हतं.

याच्यावर स्वीडनमध्ये एक प्रयोग झाला होता, लुंड विद्यापीठातले पेटर योहान्सन आणि लार्स हॉल, २००५ सालची गोष्ट. माणसाला दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, यातला जास्त आकर्षक कुठला ते विचारायचं, त्यानं एकाकडे बोट दाखवलं की तो फोटो त्याच्या हातात देऊन विचारायचं की हाच का निवडलात. फक्त मधेमधे हातचलाखी करून, न निवडलेला फोटो हातात द्यायचा. बहुतेक वेळा लोकांच्या ते लक्षातच आलं नाही. पण मला त्याहून मोठं वाटलं ते पुढचं, की त्यांनी कारणंही दिली. कानातले छान दिसतायत म्हणून निवडला, असं कुणी सांगितलं आणि आधी निवडलेल्या चेहऱ्याच्या कानात काही नव्हतंच. ही माणसं खोटं बोलत नव्हती हो. त्यांना जे दिसत होतं त्यावरून त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःच्या मनाचा अंदाज बांधला आणि तो आठवण म्हणून सांगितला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होते, कारण याचा अर्थ असा निघतो की मी स्वतःला खरं कारण विचारलं तरी जे उत्तर येईल ते आतून आलंय की आत्ता इथंच तयार झालंय हे मला कळायला मार्ग नाही.

म्हणून "स्वतःशी प्रामाणिक राहा" हा सल्ला मला हल्ली अपुरा वाटतो. राहायचंच आहे, पण कसं?

बरं, हेतू शुद्ध असले पाहिजेत हा आग्रहही मला पटत नाही, आणि हे मी अगदी ठासून सांगेन. हेतू एकटा नसतोच कधी. आमच्या ओळखीतले एक काका रोज संध्याकाळी आजारी शेजाऱ्यापाशी जाऊन बसायचे, पेपर वाचून दाखवायचे. सगळे त्यांचं कौतुक करायचे आणि त्यांना ते आवडायचंही. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या वेळी सतत भांडणं चालायची आणि ते तिथून पळायचे हेही सगळ्यांना माहीत होतं. मग ते कशासाठी जायचे, शेजाऱ्यासाठी, कौतुकासाठी की पळण्यासाठी? मला वाटतं तिन्हीसाठी, आणि त्यातलं एखादं वजा केलं असतं तर ते रोज गेले नसते. दोरीचे पीळ सुटे केले की दोरी उरत नाही तसं आहे ते. आजारी माणसाला पेपर ऐकायला मिळाला, रोज, न चुकता, आणि नुसत्या शुद्ध करुणेनं कुणी रोज न चुकता येत असेल असं मला वाटत नाही. मदतीत स्वार्थाचा धागा सापडला की लगेच ती मदत खोटी ठरवणारी माणसं मला फार क्रूर वाटतात. तेच स्वतःच्या बाबतीतही. मैत्रिणीनं झोप हवी म्हणून जायचं ठरवलं असेल तर त्यानं औषधांचे पैसे खोटे होत नाहीत.

अडचण दुसरीकडे आहे. ती मला बॅटसनच्या प्रयोगामुळे जरा स्पष्ट दिसली. डॅनियल बॅटसन, कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक, १९९७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं. दोन कामं आहेत, एकात बक्षिसाची संधी आहे, दुसरं रटाळ आणि त्यात काहीच मिळत नाही. एक तुम्ही करायचं, दुसरं पलीकडचा कुणीतरी, आणि कुणी काय करायचं हे तुम्ही ठरवायचं. पलीकडच्याला वाटणार की हे योगायोगानं ठरलंय. तुमच्यासमोर एक नाणं ठेवलंय आणि सांगितलंय की नाणेफेक हा सगळ्यात न्याय्य मार्ग असं बहुतेकांना वाटतं. साधारण निम्म्या लोकांनी नाणं उडवलं. आता नाणं उडवलं तर निम्म्या वेळा चांगलं काम पलीकडच्याला जायला हवं ना, पण नाणं उडवणाऱ्यांपैकीही जवळपास ९० टक्के लोकांनी चांगलं काम स्वतःकडेच ठेवलं. आणि न उडवणाऱ्यांपेक्षा त्यांना आपलं वागणं जास्त नैतिक वाटत होतं! मी ते दृश्य डोळ्यांपुढं आणून बघते. बंद खोली, हातात नाणं, उडतं, पडतं, आणि नको ती बाजू वर येते. मग? मग मन म्हणतं, अरे आपण छापा म्हणजे कोण हे नीट ठरवलंच कुठं होतं. किंवा हे नुसतं ट्रायल होतं. एका क्षणाचं काम, आणि तेवढ्यात झालेलं असतं. दोन वर्षांनी त्यांनीच हा प्रयोग समोर आरसा ठेवून केला, माणूस स्वतःला दिसेल असा, तेव्हा नाणं उडवणाऱ्यांचा निकाल बरोबर निम्म्या-निम्म्यावर आला. गीतेत कामनेनं ज्ञान कसं झाकलं जातं ते सांगताना धुळीनं झाकलेल्या आरशाचा दृष्टान्त आहे, तो मला इथं आठवला, धूळ पुसायला लागते एवढंच तिथं म्हटलेलं नाही तर आगीभोवती धूर आणि गर्भाभोवती वार जशी असते तसं ते आवरण असतं असंही म्हटलंय, म्हणजे काही आवरणं जन्माबरोबरच येतात.

पण त्या खोलीत एक गोष्ट अशी आहे जी आपण विसरतो. पलीकडे कुणीतरी आहे. रटाळ काम त्याच्या वाट्याला जाणार आहे आणि त्याला कुणी विचारलेलं नाही.

ययातीची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो ती म्हाताऱ्या राजाला परत तरुण व्हायचं होतं अशी. महाभारताच्या आदिपर्वात ती वाचली तर त्याच्या आधीचा एक संवाद आहे आणि मला तो अख्ख्या गोष्टीत सगळ्यात जास्त लागतो. शुक्राचार्यांनी लेक देवयानी त्याला दिली तेव्हा सांगितलं होतं, देवयानीची दासी म्हणून आलेल्या शर्मिष्ठेला मानानं वागव पण तिला शय्येवर बोलवू नकोस. पुढं अशोकवनाजवळ शर्मिष्ठा भेटते, ती मागणी घालते, तो आधी नाही म्हणतो, अगदी शुक्राचार्यांच्या या शब्दाचाच दाखला देतो, ती युक्तिवाद करते, याला पटतं. तीन मुलं होतात. देवयानीला सगळं कळतं ते त्या मुलांच्या तोंडून, बाप कोण असं विचारल्यावर पोरं सरळ राजाकडे बोट दाखवतात. आणि मग शुक्राचार्यांसमोर उभं राहून ययाती सांगतो की ऋतुकालात आलेल्या स्त्रीची मागणी नाकारणं म्हणजे भ्रूणहत्येचं पाप, त्या अधर्माच्या भीतीनं मी तिच्याकडे गेलो. काय बोलायचं याला! आणि गंमत नाही, त्या काळच्या धर्मानुसार हे कारण खोटंही नव्हतं, शर्मिष्ठेनंही मागणी घालताना धर्माचाच आधार घेतला होता. शुक्राचार्य त्याच्याशी यावर वादच घालत नाहीत. तू वासनेनं गेलास असं म्हणत नाहीत, शास्त्राचा अर्थ चुकीचा लावलास असं म्हणत नाहीत. ते एवढंच म्हणतात की आधी माझ्याकडे बघायला हवं होतंस, तू माझ्या अधीन आहेस, धर्माच्या बाबतीत असं खोटं वागणं म्हणजे चोरी.

चोरी. वासना नाही, चोरी.

मला हे फार मोठं वाटतं. ययातीच्या मनात नक्की काय होतं, किती धर्म आणि किती शर्मिष्ठेचं रूप, हे ना शुक्राचार्यांना कळणार होतं ना कदाचित ययातीला. पण त्यानं विचारलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. कारण इतकं भक्कम होतं तर ते आधी घेऊन का नाही गेला? मुलं चालती बोलती होईपर्यंत का थांबला? आधी सांगितलेलं कारण समोरचा नाकारू शकतो, नंतर सांगितलेल्या कारणाला फक्त ऐकून घ्यावं लागतं. पुढं शुक्राचार्यांच्या शापानं म्हातारपण अंगात शिरतं तेव्हाही बघा, ययाती सासऱ्याला काय म्हणतो, देवयानीच्या सहवासात मी अजून तृप्त झालेलो नाही. शर्मिष्ठेवरून शाप मिळालाय आणि विनवणीत नाव देवयानीचं, ऐकणाऱ्याच्या लेकीचं. आणि तारुण्य मिळाल्यावर प्रचलित पाठात तो विश्वाची नावाच्या अप्सरेबरोबर नंदनवनात रमलेला दिसतो. तरी देवयानीचं नाव घेताना तो ढोंग करत होता असं मला नाही वाटत. त्या क्षणी, त्या माणसासमोर, त्याला देवयानीच आठवली असणार.

हे सगळं मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ययाती वगैरे नाही, नुसतं एवढंच की झोप हवीय हे पुरेसं कारण आहे आणि धाकट्याला घर मिळायच्या आधी सांग. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "विचारलं आणि तो नको म्हणाला तर?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण खरा मुद्दा तोच आहे ना. आपण कारणं गोळा करत बसतो ती समोरच्याला नाही म्हणायला जागा राहू नये म्हणून. आजारी वडिलांच्या औषधांच्या पैशाला कुठला भाऊ नाही म्हणेल? पण बहिणीला झोप हवीय याला तो म्हणू शकतो की मलाही हवीय. आणि मग दोघांना बसून बोलावं लागेल, कुणी किती रात्री जागायचं, पैसे कुणी द्यायचे, बाबांना स्वतःला काय हवंय, आणि ते बोलणं कठीण आहे, त्यात कुणीच चांगला ठरत नाही. ती म्हणाली बघते. मी जास्त ताणलं नाही, रात्री उठणारी ती आहे, मी नाही.

पण तिच्या प्रश्नानं मला ययातीकडेच परत नेलं, कारण दुसऱ्या वेळी त्यानं विचारलं होतं. म्हातारपण कुणाला देता येईल असा उःशाप मिळाल्यावर तो एकेका मुलाला बोलावून विचारतो. यदू थोरला. तो सरळ सांगतो की म्हातारपणात खाण्यापिण्याचे हाल असतात, दाढी पांढरी होते, अंग सैल पडतं, सुरकुत्या येतात, मला नको. आणि वर म्हणतो, तुम्हाला माझ्याहून लाडकी मुलं आहेत, त्यांना विचारा. तुर्वसू नको म्हणतो, द्रुह्यू नको म्हणतो, अनू नको म्हणतो. एकानंही प्रजेचं हित काढलं नाही, आईचं नाव घेतलं नाही. हत्ती घोडे रथ यांचा उपभोग घेता येणार नाही, असलीच साधी, स्वतःपुरती कारणं. आणि चौघांनाही शाप. म्हणजे विचारलं खरं, पण नाही ऐकायची तयारी नव्हतीच, तर ते विचारणं कसलं. मग धाकटा पुरू हो म्हणतो आणि त्याला राज्य मिळतं, आणि आपल्याला पुरूचा आदर्श सांगितला जातो. पुरूच्या मनात काय होतं, बापावरचं प्रेम, शापाची धास्ती, तारुण्य देईल तो राजा होईल हा शुक्राचार्यांचा शब्द त्याच्या कानावर आला होता का, हे कुणी विचारत नाही, आणि विचारू नये असंच मला वाटतं, त्यानं दिलं ते दिलं. मला वाईट वाटतं ते यदूचं. बापासमोर उभं राहून, बाप राजा, हातात शाप, त्यानं मला माझं तारुण्य हवंय एवढंच सांगितलं, आणि त्याच्या पोरांना राज्यावर हक्क राहणार नाही असा शाप त्याला मिळाला, तोही अशा माणसाकडून ज्याला नेमकी तीच गोष्ट हवी होती.